डुक्कर फियाटमधलं निवेदन

“आतलं सगळं बदला,” अण्णा रेडेकर म्हणाले, “पण बाहेरून काही बदललंय असं दिसता कामा नये.”

अस्लमचाचांनी डावा कान पुढं केला. उजव्या कानानं ते ठार बहिरे होते. गडहिंग्लजमध्ये रेडिओ दुरुस्त करणारा शेवटचा माणूस अर्धा बहिरा होता आणि गावात कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

“बाहेरून म्हणजे कुठून?” चाचांनी विचारलं.

“कुठूनही. काच तीच, काटा तोच, बटणं तीच. हे बूचसुद्धा.”

मी वाकून गाडीत पाहिलं. बासष्ट सालची फियाट. हिला आमच्याकडं डुक्कर फियाट म्हणतात आणि गाडी समोरून पाहिल्यावर नावाबद्दल कुणी वाद घालत नाही. डॅशबोर्डाच्या मधोमध रेडिओ. उजवीकडं काटा फिरवायचं पिवळट पांढरं बटण. डावीकडं आवाजाचं बटण असायला हवं, तिथं टूथपेस्टच्या ट्यूबचं लाल बूच.

“अण्णा, हे बूच कंपनीकडनंच आलंय का?”

अण्णा पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. वय ऐंशीच्या पुढं, डोक्यावर कडक पांढरी टोपी. धरणाच्या भिंतीला चीर गेलीय का हे बघावं तसं ते माणसाकडं बघत. माझ्याकडं तसं बघून झाल्यावर म्हणाले, “कंपनीचंच समज.”

“आणि लागायला काय काय पाहिजे? एफएम, पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ, सगळं बसतंय आत.”

“जुनं लागलं पाहिजे.”

“जुनी गाणी. हो की. पाचशे घालून देतो.”

“गाणी नकोत. जुनं म्हणालो मी. जुनं काय असेल ते. सेट ताकदीचा बसवा.”

चाचांनी मान हलवली. त्यांना यातलं निम्मंच ऐकू आलं असणार. मला सगळं ऐकू आलं आणि काही कळलं नाही.

शेजारच्या सीटवर त्यांची मुलगी मालाताई बसली होती. पन्नाशीची, शाळेत शिक्षिका. अण्णा गाडी ताशी वीसच्या वर नेत नसत, त्यामुळं ती येता येता सहावीच्या वह्या तपासत आली होती. उतरताना ती मला हळूच म्हणाली, “ते म्हणतात तसंच करा. बुचाची चेष्टा नको.”

माझं नाव धैर्यशील. नाव ठेवताना मला कुणी नीट पाहिलं नव्हतं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, आयटीआय करून चाचांकडं लागलेलो, आणि एखाद्या गोष्टीची चेष्टा न करता ती हातावेगळी कशी करायची हे मला खरोखरच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेडिओ डॅशबोर्डातून बाहेर काढला. आत काचेचे जुने व्हॉल्व्ह होते, सगळे मेलेले. शेवटचा स्क्रू सुटला तसा मागच्या पोकळीतून एक कागद खाली पडला. चार घड्यांचा, उंदरांनी वरचा भाग आणि मधला एक घास खाल्लेला. गाडीच्या रेडिओमागं काहीही सापडतं. मला आजवर एक पत्रिका, एक कवळी आणि एका ग्रामसेवकाचं प्रेमपत्र सापडलेलं होतं. हा कागद मालकाला द्यायला हवा होता. तो माझ्या खिशात राहिला. एवढीच माझी चूक, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

काम छान झालं. जुन्या पेटीच्या पोटात तळहाताएवढा नवा बोर्ड बसवला. जुनी दोन्ही बटणं त्याला जोडली. काट्यामागं पिवळा दिवा घातला, अगदी जुन्यासारखा मंद. लाल बूच मी ब्रशनं साफ केलं. ते दांडीवर कुणीतरी मेणबत्तीवर वितळवून बसवलेलं होतं. वेडंवाकडं, पण घट्ट. आत बोटाचा ठसा उमटलेला होता. लहानसा.

चाचांचा एक नियम होता. सेट तपासायचा तो गाणं लावून नाही. गाण्यात दोष लपतो. माणसाचं बोलणं ऐकायचं, त्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतो का बघायचं. म्हणून सेट झाला की चाचा गाडीत बसून डावा कान स्पीकरला लावायचे आणि मी दुकानात बसून मोबाईलमध्ये बोलायचो. माझं बोलणं ब्लूटूथनं गाडीत जायचं. मी हाताला येईल तो कागद रेडिओवरच्या निवेदकाच्या आवाजात वाचायचो. लग्नपत्रिका, खोकल्याच्या औषधाची माहिती, लाइटबिल. लाइटबिल माझ्या आवाजात फार गंभीर वाटायचं.

शुक्रवारी दुपारी अण्णा गाडी न्यायला आले. “अर्धा तास,” मी म्हणालो. ते समोर शंकर नाभिकाकडं दाढीला गेले. गाडी दुकानाशेजारच्या बोळात उभी होती, शंकरच्या दारातून दिसेल अशी. मी बॅटरी जोडली, दिवा लागला, आत जाऊन फळीच्या पार्टिशनमागं बसलो आणि ओरडलो, “चाचा, वाचू का?”

“हां,” चाचा म्हणाले.

चाचांनी ऐकलं होतं, “वाजला का?” त्यांनी घड्याळ बघितलं, एक वाजायला आला होता, आणि ते जुम्म्याच्या नमाजला गेले.

मला ते माहीत नव्हतं. फळीच्या फटीतून मला गाडीची मागची काच आणि काचेत एक पांढरी टोपी दिसत होती. चाचांचीही टोपी पांढरीच. मी खिशात हात घातला. तो कागद हाताला आला.

घसा साफ करून मी सुरू केलं. “निवेदन. वय अकरा वर्षं. उंची चार फूट दोन इंच. रंग गहूवर्ण. केस कुरळे. अंगात निळ्या चौकडीचा सदरा व खाकी अर्धी चड्डी. पायात काही नाही.”

माझा आवाज बोळातून मला परत ऐकू येत होता. स्वच्छ, खर्जातला, माझ्यापेक्षा वीसएक वर्षांनी मोठा. मी स्वतःवर खूश होतो.

“ओळखीची खूण,” मी वाचलं, आणि पुढं कागदाला भोक होतं. उंदरानं नेमकी खूणच खाल्ली होती. निवेदकानं अडखळायचं नसतं. मी तोंडाला येईल ते बोललो. “डाव्या पायाच्या करंगळीला नख नाही. त्यामुळे मुलगा डावा पाय उजव्या पायामागे लपवून उभा राहतो.”

मला हसू आलं. ते दाबून मी शेवटची ओळ वाचली. “बाळ, असशील तिथून निघून ये. तुला कुणीही रागावणार नाही.”

मग मोबाईल बंद करून ओरडलो, “चाचा, ‘श’ फाटतोय का?”

उत्तर आलं नाही. मी बोळात गेलो.

गाडीत चाचा नव्हते. अण्णा होते. एका गालावर साबणाचा फेस तसाच, दुसरा गाल गुळगुळीत, गळ्यात शंकरचा टॉवेल, आणि डोक्यावर टोपी. भर दाढीतून उठून आले होते, पण बोडक्यानं रस्ता ओलांडला नव्हता.

“शंकरच्या आरशात दिवा दिसला,” ते म्हणाले. “काट्यामागचा. म्हणून आलो.”

“हो. आत्ताच जोडला.”

“लागलं,” ते म्हणाले. “ऐकलंस?”

अण्णा, तो आवाज माझा होता. एवढे पाच शब्द. मी ते मनात जुळवलेही. फेस सुकत चालला होता आणि त्यातून एक रेघ खाली ओघळत होती, पाण्याची का साबणाची ते कळत नव्हतं.

“एकोणऐंशीच्या मे महिन्यात रेडिओ स्टेशनवर दिलं होतं मी ते,” अण्णा म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत काट्याकडं होते. “उल्हास. माझा मुलगा. दुपारच्या बातम्या झाल्या की लावतो म्हणाले. मी शोधत शोधत आंबोलीच्या घाटात होतो. बातम्या संपल्या आणि खरखर सुरू झाली. वळण संपलं तेव्हा भजन लागलेलं. मधे काय झालं, ते मला कळलंच नाही. कुणी म्हणे आम्ही ऐकलं. काय ऐकलं विचारलं की सांगता येईना कुणाला. निवेदन झालंच नाही असं धरून चाललोय मी पस्तीस वर्षं.”

“अण्णा,” मी म्हणालो.

“पण खुणेचं त्यांना कुणी सांगितलं?”

मी खिशातल्या कागदावर हात ठेवला.

“खूण म्हणून मी ‘नाही’ लिहिलं होतं. ही म्हणाली, पोराचं व्यंग रेडिओवर सांगू नका, पुढं लग्नाला अडचण येईल. म्हणून नाही लिहिलं. करंगळीचं फक्त घरच्यांना माहीत. आणि ते पाय लपवून उभं राहणं...” त्यांनी मान हलवली. “बरं केलं त्यांनी. खूण नसती तर ओळखणार कसं कुणी.”

मग ते उतरले, रस्ता ओलांडून शंकरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि दुसरा गाल पुढं केला. मी बोळात उभाच. कागद काढून भोकाच्या कडा उलट्या-सुलट्या करून पाहिल्या. पलीकडून माझाच अंगठा दिसला.

चाचा नमाजहून आले. “कसा वाटला आवाज?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही कुठं होता?”

“तूच म्हणालास की, वाजला का म्हणून.”

रविवारी मालाताई एकटी दुकानात आली. स्टुलावर बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

“कुणी वाचलं?” तिनं विचारलं.

मी कागद तिच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. टोप्यांसकट. सांगताना ते विनोदी वाटेल अशी मला थोडी आशा होती. ती हसली नाही.

“करंगळीचं कुणी सांगितलं तुम्हाला?”

“कुणी नाही. तोंडात आलं.”

“असं कसं तोंडात येतं?”

“आईशप्पथ.”

तिनं कागद उचलला, वास घेतला, परत ठेवला. “त्या दिवशी उल्हासनं रेडिओचं बटण मोडलं. खेळताना. अण्णांनी एक थोबाडीत दिली. एकच. संध्याकाळी त्यानं मेणबत्तीवर ते बूच वितळवून बसवलं आणि अण्णांना म्हणाला, बघा, झालं दुरुस्त. अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी तो नव्हता. गाडी लांबून ओळखली नाही तरी आत डोकावल्यावर बूच ओळखेल, असं अण्णांचं आहे. म्हणून काही बदलायचं नाही.”

“मी येतो घरी. सांगतो त्यांना खरं काय ते.”

“नको.” ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. “तुम्हाला माहीत नाही. आई अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. तिचं एकच म्हणणं आहे, पोराचे दिवस घाला, तो तसाच अधांतरी राहिलाय. बारा वर्षं झाली की पुतळा करून घालता येतात. पस्तीस झाली. अण्णा ऐकत नाहीत. म्हणतात, ज्याला हाकच मारली नाही, तो आला नाही असं कसं म्हणायचं? आधी हाक गेली पाहिजे.” तिनं कागदाची घडी घातली. “परवा घरी येऊन आईला म्हणाले, हाक गेली. आता आठ दिवस बघू. अकरा वर्षांचं पोर, कुठनंही निघालं तरी आठ दिवसांत पोचतं.”

मला म्हणायचं होतं की पोर आता सेहेचाळीस वर्षांचं असेल. पण तिलाही ते येत होतं. गणित तीच शिकवायची.

“तुम्ही फक्त काही बोलू नका,” ती म्हणाली. “आई जायच्या आत एवढं होऊ दे.”

काही न बोलणं मला जमण्यासारखं होतं. तरीही सातव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. बॅटरी बघायला आलो, असं सांगायचं ठरवून.

फियाट फाटकाबाहेर उभी होती, रस्त्याकडं तोंड करून. ड्रायव्हरच्या जागेवर अण्णा. पलीकडचं दार सताड उघडं, त्या सीटवर धुतलेला टॉवेल अंथरलेला. दिवसाउजेडीही काट्यामागचा दिवा पिवळा दिसत होता. शेजारपाजारचे लोक येता-जाता त्या उघड्या दाराला वळसा घालून जात होते. कुणी ते लावत नव्हतं.

“बस,” अण्णा म्हणाले. मी मागं बसलो. पुढं बसायचं माझ्या मनातही आलं नाही.

रेडिओ चालू होता. खरखर येत होती, बारीक, एकसारखी. मला ती ऐकून बरं वाटलं, मग काही क्षणांनी अजिबात बरं वाटेना. तो बोर्ड मी स्वतः बसवलेला. त्यात खरखर नसतेच. स्टेशन नसलं की तो मुकाट बसतो, तशीच त्याची रचना आहे. मी पुढं वाकलो. वायर कुठं सैल आहे का पाहिलं. नव्हती. खरखर येत होती आणि मधूनच थोडी थांबत होती, कुणी बोलण्याआधी श्वास घेतं तेवढीच.

“असंच चाललंय सकाळपासनं,” अण्णा म्हणाले. “घाटात असंच व्हायचं.”

“अण्णा, मला एक सांगायचंय.”

“सांग.”

मी त्यांच्या मानेकडं पाहिलं. टोपीखाली पांढरे केस नीट कापलेले. ते मागं वळले नाहीत. वाट बघत होते. मला वाटतं, मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं.

“बॅटरी उतरेल,” मी म्हणालो.

“उतरू दे. उद्या आठवा दिवस.”

आम्ही तासभर बसलो. रस्त्यानं एक उसाचा ट्रॅक्टर गेला, एक आइस्क्रीमवाला गेला, शाळा सुटली. पोरं घोळक्यानं आली आणि घोळक्यानं पुढं गेली. एक मागं राहिलं होतं. ते उघड्या दारापाशी थांबलं, आत बघू लागलं. अण्णा ताठ झाले.

“आजोबा, दार उघडं राहिलंय,” पोरगं म्हणालं.

“असू दे,” अण्णा म्हणाले. “तू जा घरी. रागावतील.”

ते गेलं. मी त्याच्या पायांकडं बघितलं नाही. बघायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून ठरवता येत नाही. त्याच्या पायांत बूट होते असं मी धरून चालतो.

नवव्या दिवशी सकाळी हिरण्यकेशीच्या काठी विधी झाला. मालाताईनं मला बोलावलं होतं. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माणसं मोजकीच होती. अण्णा उघड्या अंगानं पाटावर बसलेले, टोपी बाजूला काढून ठेवलेली. त्यांना बोडकं मी पहिल्यांदाच पाहत होतो. समोर केळीच्या पानावर पळसाची पानं आणि दर्भ यांचा पुतळा. लहानसा. गुरुजींनी मोठ्या माणसाच्या मापाचा सुचवला होता. अण्णा म्हणाले, चार फूट दोन इंचांच्या मानानं करा.

गुरुजी तरुण होते, माझ्याच वयाचे, आणि पोथीत बोट ठेवून फार काटेकोरपणे चालले होते.

“किती वर्षं झाली?”

“पस्तीस.”

“शोध घेतला होता?”

“घेतला.”

“नावानं हाक मारली होती?”

“मारली,” अण्णा म्हणाले. “रेडिओवर. आधी कळलं नव्हतं मला. आता ऐकली.”

गुरुजींचं बोट पोथीवरच राहिलं. “ऐकली म्हणजे? कधी?”

“मागच्या शुक्रवारी. दुपारी.”

गुरुजींनी मालाताईकडं पाहिलं. मालाताई नदीकडं बघत होती. गुरुजी खाली वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “काका, तसं नाही चालत. पस्तीस वर्षांमागची हाक आता कशी ऐकू येईल? कुणी दुसऱ्यानंही ऐकली असेल तर गोष्ट वेगळी.”

पुतळ्याकडं बघत अण्णांनी पाटाच्या कडेला हात टेकले. उठणार होते. ते उठले असते तर पुन्हा बसले नसते, हे तिथल्या सगळ्यांना दिसत होतं.

“मी ऐकली,” मी म्हणालो.

गुरुजी वळले. “तुम्ही कोण?”

“रेडिओवाला.”

“स्पष्ट ऐकली?”

“शब्दन् शब्द. नख नसलेल्या करंगळीसकट.”

वाटलं, आता पुढचा प्रश्न येणार. पण गुरुजींनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं, पोथीवरचं बोट एक ओळ पुढं सरकवलं आणि म्हणाले, “मग चला.”

विधी पूर्ण झाला. पुतळ्याचा धूर आधी सरळ वर गेला आणि मग नदीवर आडवा पसरला. मालाताई घरी निघाली, आईला सांगायला. तिची आई त्याच आठवड्यात गेली. मालाताईनं पुढं मला सांगितलं की, ऐकल्यावर आई कूस बदलून झोपली. तसं ती कित्येक महिन्यांत झोपली नव्हती.

मी मात्र अण्णांबरोबर मागं राहिलो. त्यांनी टोपी घातली, ती सारखी केली. पायऱ्या चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. चार पायऱ्या झाल्यावर थांबले. दम लागला होता.

“तू कुठं होतास रे तेव्हा?”

“आत. पार्टिशनमागं.”

“म्हणजे तू आवाजाच्या जवळ होतास.”

“हो.”

“मग तुलाच नीट कळलं असणार.” ते पुढची पायरी चढले नाहीत. “खुणेपर्यंत एकजण वाचत होता. करंगळीचं सांगितलं तो आवाज वेगळा होता. मग पुन्हा पहिलाच. तो मधला कोण होता?”

मी आठवून पाहिलं. आजही पाहतो. माझं तोंड हललं होतं, हे मला पक्कं आठवतं.

“माहीत नाही, अण्णा,” मी म्हणालो. त्यांना मी खरं सांगितलेली ती एकच गोष्ट.

“बरं,” अण्णा म्हणाले, आणि खांद्यावरचा हात न काढता त्यांनी पुढची पायरी चढायला पाय उचलला.